खांबावरचं नाव

संग्रहालय सुरू झालं तेव्हापासून लिओटा स्टुकमायर त्याच्या स्वयंपाकघरात राबते आहे, पण गेल्या सप्टेंबरापर्यंत तिनं ते आतून कधी पाहिलं नव्हतं. कुणी म्हटलं, "अगं, एकदा फेरी तर मार," की ती ओट्यावरचं पीठ पुसत म्हणायची, "ते सगळं मी घरी पाहिलंय. तेही फुकटात."

संग्रहालय म्हणजे सेंट लुईसच्या दक्षिण भागातली लाल विटांची दुमजली इमारत, आमच्या वीज कामगार युनियनचं जुनं ऑफिस. नवं ऑफिस झाल्यावर जुनं विकायला कुणाचं मन होईना. मग ज्याच्या त्याच्या गॅरेजमधलं भंगार इथं आलं, काचेच्या कपाटात बसलं आणि लोक त्याला इतिहास म्हणू लागले. मला हे बोलायचा हक्क आहे, कारण त्यातलं बरंचसं भंगार माझं आहे.

मी नोरीन हुबाख, निवृत्त वायरमन. आमच्या शाखेनं बायकांना पहिल्यांदा शिकाऊ म्हणून घेतलं त्या खेपेतली. खांबावर चढतात ते लाईनमन, इमारतींमध्ये वायरिंग करतो ते आम्ही वायरमन. युनियन एकच, पण लाईनमन आम्हाला 'अरुंद पाठीचे' म्हणून हिणवतात. आम्ही त्यांना काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी कामाला लागले त्याच वर्षी संप झाला. गेटवर पुरुष माझ्याशी बोलत नसत, मी आपली फलक घेऊन एका कडेला उभी. तेव्हा एक ठेंगणी बाई सूपचं भलंमोठं भांडं ओढत आली, माझ्या हातातला फलक काढून एका लाईनमनच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तू बस. खा. हा धरेल." तो लाईनमन तिचा नवरा ऑर्व्हिल होता. त्यानं मुकाट्यानं दोन फलक धरले. त्या दिवसापासून मी लिओटाची.

लिओटा मूळची बेकरीवाल्याची मुलगी. लग्नाआधी बुटांच्या कारखान्यात शिवणावर होती. एका वादळानंतर बेकरीसमोरच्या खांबावर ऑर्व्हिल चढला होता, तेव्हा तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं. आधी बूट दिसले, चेहरा नंतर. "बूट चांगले होते, म्हणून चेहऱ्यासाठी थांबले," असं ती आजही सांगते. लग्न झालं आणि मग जन्मभर तिनं एकच काम केलं, ते म्हणजे थांबणं. बर्फाचं वादळ आलं, चक्रीवादळ आलं, की लोक घरात जातात आणि लाईनमन घराबाहेर. कधी शेजारच्या राज्यात, कधी चार राज्यं ओलांडून. ऑर्व्हिल असा बाहेर असला की लिओटा घरातला मेन स्विच बंद करून बसायची. फ्रिज बंद, दिवे बंद, मेणबत्तीवर सगळं. आपण वीज ओढली नाही तर तिकडे त्याच्या हाताला लागणार नाही, असा तिचा हिशोब. हे खुळ्यासारखं आहे हे तिला कळायचं. ऑर्व्हिल परत आल्यावर नासलेलं दूध बघून म्हणायचा, "अगं बाई, अख्खं शहर चालू आहे आणि तू एक बल्ब विझवून मला वाचवतेस?" ती म्हणायची, "वाचलास ना? मग बोलू नकोस."

तो निवृत्त झाला त्या दिवशी तिनं घरातले सगळे दिवे लावले, अगदी माळ्यावरचाही. आता सुटले, असं तिला वाटलं होतं.

पण आमच्याकडे खांबाची एक प्रथा आहे. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात एक जुना लाकडी खांब रोवलाय. सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, आमच्या कामगार दिनी, शाखेतला सगळ्यात वयस्क लाईनमन पायाला लोखंडी काटे आणि कमरेला पट्टा बांधून त्या खांबावर चढतो आणि वर बल्ब बसवतो. बल्ब पेटला की टाळ्या, मग जेवण. ज्यांच्या नशिबी म्हातारपण आलं नाही त्यांच्या नावानं तो दिवा. कित्येक वर्षं हा मान एल्डन प्रुइटकडे होता. एल्डन हिवाळ्यात गेला, झोपेत, स्वतःच्या पलंगावर. लाईनमनला याहून चांगलं मरण नाही. अंत्ययात्रेहून परतताना सगळ्यांनी ऑर्व्हिलच्या पाठीवर थापा मारल्या. आता पाळी त्याची होती.

मी त्यांच्या शेजारी राहते. एप्रिलमध्ये एका सकाळी पाहिलं तर ऑर्व्हिल फाटकापाशी टपालपेटीला मिठी मारून उभा. डोळे घट्ट मिटलेले. मी धावत गेले.

"काय रे, चक्कर आली?"

"टपाल बघतोय."

"डोळे मिटून?"

"नोरीन, तुझ्या अरुंद पाठीला दुसरं काही काम नाही का?"

मी घरी परतले, कुणाला काही सांगितलं नाही. आमच्यात एकमेकांच्या तब्येतीची चहाडी वर करत नाहीत. अमक्याचा पाय लंगडतो, तमक्याला कमी दिसतं असं कुणी साहेबाच्या कानावर घातलं की त्या माणसाची भाकरी गेली. निवृत्तीनंतर भाकरीचा प्रश्न नसतो, पण सवय हाडात मुरलेली. त्यातून मी वायरमन. लाईनमनच्या मानात मी लुडबुड केली असती तर मलाच जळकी म्हणाले असते.

तरी सभेत मी एकदा तोंड उघडलं. म्हटलं, आता माणसाला वर उचलणाऱ्या पाळण्याची गाडी असते, तिच्यात उभं राहून बल्ब लावला तर काय बिघडलं? हशा पिकला. युनियनमध्ये आम्ही एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतो. आमचा सेक्रेटरी डॉइल प्रॅदर भला माणूस, पण तोही म्हणाला, "सिस्टर, मग त्यापेक्षा वायरमनला सांगू. तो शिडी लावेल, शिडी चौघं धरतील आणि पाचवा चहापाण्याची सुट्टी मागेल." ऑर्व्हिल सगळ्यात मोठ्यानं हसला. हसताना त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

त्या संध्याकाळी मी कुंपणावरून लिओटाला गाठलं.

"तू त्याला अडवत का नाहीस?"

"मी त्यावर काही बोलणार नाही."

"कशावर?"

"ज्यावर बोलायचं नाही असा शब्द दिलाय त्यावर."

"म्हणजे डॉक्टरकडे गेला होतात."

ती घेवड्याच्या शेंगा तोडत राहिली. "नोरीन, या माणसानं जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. कुणाला सांगू नकोस, म्हणाला. मी सांगणार नाही. तू काय ते समज, पण माझ्या तोंडून नाही." मग शेंगांकडे बघतच ती म्हणाली, "चांगलं झोपून बरेच दिवस झाले गं. मेन स्विच बंद करायची इच्छा होते, पण तो तर घरातच असतो."

कामगार दिन उजाडला तो भट्टीसारखा. सकाळी शहरात मिरवणूक झाली, दुपारी सगळे संग्रहालयात. अंगणात निखाऱ्यांवर पोर्कचे जाड तुकडे चरचरत होते. लिओटाचे लोण्याचे चिकट केक ओट्यावर ओळीनं मांडले होते. दर वर्षी चढण्याआधी पाहुण्यांना संग्रहालयाची फेरी घडवायची आणि ती चढणाऱ्यानंच, असा रिवाज. ऑर्व्हिल पट्टा बांधून दारात उभा राहिला, आणि स्वयंपाकघरातून लिओटा आली. अ‍ॅप्रन अंगावर, हाताला साखर.

"मीही येते फेरीला," ती म्हणाली.

ऑर्व्हिल दचकला. "आज?"

"का, तिकीट लागतं?"

ती माझ्या शेजारी चालू लागली. ती काहीतरी शोधत होती हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

पहिली खोली जुन्या फोटोंची. मिशांवाले लोक खांबांवर कावळ्यांसारखे बसलेले. ऑर्व्हिल भिंतीला हात लावून सांगू लागला. एरवीच्या दिवशी पाहुणे आले की तोच फेरी घडवतो, तेव्हा मधोमध उभा राहून हातवारे करतो. "त्या काळी लाईनमनला विमा कंपनी दारात उभी करत नसे. मेला की त्याच्या बायकोसाठी वर्गणीची टोपी फिरायची. आपली माणसं आधी एकत्र आली ती पगारासाठी नाही, एकमेकांना नीट पुरता यावं म्हणून." पाहुण्यांमध्ये आमच्या वॉर्डाचा नगरसेवक होता, नवा कोरा सदरा घालून. तो गंभीर मान हलवत होता आणि त्याच्याबरोबरची मुलगी त्याच्या मानेचे फोटो काढत होती.

दुसरी खोली संपाची. फलक, बिल्ले आणि काचेच्या कपाटात एक भलंमोठं भांडं. खाली पाटी: संपकाळातील सार्वजनिक स्वयंपाकाचं भांडं.

लिओटानं काचेला नाक लावलं. "ऑर्व्ही, हे माझं आहे."

"हं."

"तू म्हणालास हरवलं. मी सगळं तळघर उपसलं होतं."

"हरवलं नव्हतं. दान केलं होतं."

"कुणी?"

सगळे हसले, ऑर्व्हिलही हसला, आणि वळताना त्याचा तोल गेला. मी खांदा पुढे केला. "पट्टा जड झालाय," तो पुटपुटला. लिओटाचं हसू तिथंच थांबलं.

तिसरी खोली लहान आहे. तिथं एकच कपाट आणि त्यात एकच वस्तू: पुठ्ठ्याचा लाल टॅग, कडा झिजलेला. आमच्या धंद्यात लाईनवर चढण्याआधी माणूस स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःच्या नावाचा लाल टॅग बांधतो. वर छापलेलं असतं: माणूस कामावर आहे, हात लावू नका. तो उतरला की स्वतःच्या हातानं टॅग काढतो. तोपर्यंत स्विचला कुणी बोट लावायचं नाही.

"हा हार्लन व्हॉसचा," ऑर्व्हिल म्हणाला. या खोलीत त्याचा आवाज नेहमीच खाली येतो. "हार्लन खांबावर होता. खाली त्याचा टॅग होता. फोरमनला वाटलं, हार्लन उतरला. वाटलं, एवढंच. त्यानं टॅग काढला आणि स्विच चालू केला. मी शेजारच्या खांबावर होतो." तो जरा थांबला. "तेव्हापासून मी प्रत्येक शिकाऊ पोराला एकच धडा दिला. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. साहेब आला, गव्हर्नर आला, देव आला तरी. म्हणा सगळे."

"ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा," पाहुणे म्हणाले. नगरसेवकही म्हणाला.

दाराशी टोपलीत नवे लाल टॅग ठेवलेले असतात, आठवण म्हणून घरी न्यायला. ऑर्व्हिल ते वाटू लागला. लिओटानं एक घेतला, उलटसुलट पाहिला.

"कारण लिहावं लागतं का यावर?"

"नाही. नाव पुरे."

"आणि कुणी विचारलं, का लावलास?"

"विचारायचं नाही. टॅग दिसला की थांबायचं. वाद घालत बसलं की माणूस मरतो."

"कुणीही लावू शकतं? का फक्त लाईनमन?"

ऑर्व्हिलला प्रश्न आवडला. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न आवडतातच. "कुणीही. ज्याचा जीव टांगणीला लागलाय, त्यानं लावावा."

"बरं," लिओटा म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, केक कापायला गेली.

आम्ही पाहुण्यांसह अंगणात आलो. माणसं खांबाभोवती जमली, हातात कागदी ताटल्या. डॉइलनं एल्डनची आठवण काढली, गेलेल्यांची नावं वाचली. ऑर्व्हिल बाकावर बसून पायाला काटे बांधत होता आणि मी त्याच्या मानेवरचा घाम बघत होते. शरमेची पर्वा न करता आता ओरडावं, असं मनात आलं. पण हाडातली सवय आड आली.

ऑर्व्हिल उठला. खांबाकडे गेला. आणि थांबला.

खांबाला छातीच्या उंचीवर अ‍ॅप्रनचा पांढरा बंद गुंडाळलेला होता. त्याला लाल टॅग. माणूस कामावर आहे, हात लावू नका. खाली केकवर नाव काढावं तशा टपोऱ्या अक्षरात: लिओटा स्टुकमायर.

नगरसेवकाला वाटलं असावं, एखाद्या पाहुण्यानं गंमत केली. फोटोत लाल काहीतरी येतंय म्हणून तो पुढे झाला आणि टॅगला हात घालू लागला. "हात काढ," असं अंगणातले सगळे लाईनमन एकाच वेळी म्हणाले, ओरडून नव्हे, खालच्या आवाजात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. नगरसेवकानं हात असा मागे घेतला जणू खरंच शॉक बसला.

लिओटा स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती. अ‍ॅप्रनला बंद नसल्यामुळे तो गळ्यात नुसता लोंबत होता.

"लिओटा," ऑर्व्हिल म्हणाला, "काढ तो."

"नाही."

"का?"

"ब्रदर," डॉइल प्रॅदर हळूच म्हणाला, "का ते विचारायचं नसतं. मला कुणी शिकवलं ते आठव."

ऑर्व्हिलनं डॉइलकडे पाहिलं, मग वर खांबाच्या टोकाकडे, मग टॅगकडे. एवढी माणसं, पण एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. हे सगळे त्यानंच घडवलेले. त्यातला एकही तो टॅग काढणार नव्हता, आणि तो काढलेला पाहणारही नव्हता. चढू नकोस असं कुणी त्याला म्हटलं असतं तर तो हट्टानं चढला असता. पण टॅग लागलेल्या खांबावर चढणं त्याला येतच नव्हतं. त्यानं पट्ट्याचं बक्कल सोडलं.

"लाईन बंद आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "चला, जेवायला."

आणि माणसं जेवायला गेली, इतक्या सहज, जणू दर वर्षी असंच होतं. त्या वर्षी दिवा लागला नाही. डॉइलनं पुन्हा एकदा नावं वाचली, एवढंच. कुणाची काही तक्रार असल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

ऑर्व्हिल बाकावर बसला. मी काटे सोडायला खाली वाकले तर त्याचे पाय थरथरत होते.

"सकाळपासून असेच आहेत," तो म्हणाला. "रात्रभर वाटत होतं, पाऊस यावा, वीज पडावी, खांब कोसळावा. काहीतरी व्हावं."

"झालं ना."

"झालं." त्यानं डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की मलाही एकदम हलकं वाटलं. एप्रिलपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. मला रडू आलं. मी ते काट्यांच्या पट्ट्यांवर ढकललं, फार घट्ट आहेत म्हटलं.

लिओटा केकची ताटली घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"डॉइलला काय सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. एक अक्षर नाही. शब्द दिला होता."

ऑर्व्हिलनं केकचा घास घेतला. हसू त्याच्या खांद्यांत आधी आलं, तोंडावर मागाहून. मग त्याची नजर खांबाकडे गेली आणि कपाळाला आठी पडली. तो उठला, सावकाश, बाकाला धरून, आणि लपवायची काही धडपड न करता. खांबापाशी जाऊन त्यानं मान वाकडी करून बंद निरखला. हात मात्र पाठीमागे धरले होते.

"ही बुटाच्या नाडीची गाठ आहे."

"मग? बुटांच्या कारखान्यात होते मी."

"ही टिकणार नाही. एका वादळात सुटेल."

"मग नीट बांध."

"मी कसा बांधू? टॅग तुझा आहे." त्यानं खिशातून रुमाल काढला, पीळ दिला आणि माझ्या मनगटाभोवती टाकला. विचारलंही नाही. "हे बघ. एक वेढा. त्यावरून दुसरा, आडवा. आता टोक याच्या खालून. ओढ."

लिओटानं साखरेचे हात अ‍ॅप्रनला पुसले, खांबाचा बंद सोडला आणि त्यानं दाखवलं तसा बांधायला घेतला. पहिल्यांदा चुकला. त्यानं माझ्या मनगटावर पुन्हा करून दाखवलं. दुसऱ्यांदा जमला.

"अजून ओढ," ऑर्व्हिल म्हणाला. "घट्ट कर. खूप वर्षं राहायला हवी ही गाठ."